भागाबाईचा उजवा हात

अमळनेर,
२० जानेवारी २०२५

प्रिय भागा,

अनेक आशीर्वाद. मी सुखरूप पोचले. भुसावळला गाडी बदलताना हमाल काहीतरी म्हणाला, मी नेहमीसारखं "हो, हो" म्हटलं, आणि तो माझी पिशवी घेऊन भलत्याच फलाटाकडे निघाला. कान गेल्यापासून माझ्या "हो"चा काही भरवसा राहिलेला नाही. म्हणून सांगते, फोन करू नका. निंबा फोनवर ओरडतो आणि मला नुसती घरघर ऐकू येते. माझा सख्खा भाऊ, पण साठीनंतर त्याचा आवाज पाण्याच्या मोटारीसारखा झाला आहे. पत्र लिहा. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, मला पत्राचा कंटाळा नाही.

एकोणतीस डिसेंबरला तुझ्या हातातून कपबशी पडली, तोंड वाकडं झालं आणि अर्चनाने तासाभरात तुला दवाखान्यात नेलं. तुझी सून एवढी चलाख निघाली म्हणून आज मी हे कोणाला तरी लिहू शकते आहे. तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला. राहिला तो उजवा हात. मी निघाले तेव्हा तू तो पदराखाली झाकून घेतलास. मला ऐकू येत नाही, पण दिसतं चांगलं.

त्या प्राजक्ता मॅडम तुझ्या हाताचे व्यायाम घेतात, त्यांनी सुचवलेल्या उपचाराचं काय ठरलं? डोक्याला बारीक करंट आणि त्याच वेळी मनातल्या मनात हाताचा सराव, असं त्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं होतं.

यंदा अक्षय्य तृतीया तीस एप्रिलला, म्हणजे आपली आखाजी. आजपासून बरोबर शंभर दिवस. मी अठ्ठावीसला येते. आंबे निंबाला आणू देऊ नकोस, तो दाबून बघत नाही.

तुझी नणंद,
आशा


लालबाग, बुऱ्हाणपूर,
२९ जानेवारी

ती. आक्कांस भागाचा नमस्कार.

मी सांगते आहे आणि नात मोनाली लिहिते आहे. ती कॉलेजात जाते, पण मराठी लिहिताना मध्येच हिंदीत शिरते, तेवढं समजून घ्या.

आक्का, एक सांगायचं आहे, रागावू नका. यंदा आखाजीला येऊ नका.

लग्न होऊन आले तेव्हापासून शेहेचाळीस आखाज्या झाल्या. दर आखाजीला तुम्ही माहेरी आलात आणि दर आखाजीला मी खापरावरचे मांडे केले. कणीक दोन्ही दंडांवर खेळवत खेळवत हातभर मोठी करायची आणि तापलेल्या खापरावर टाकायची, हे एका हाताचं काम नाही. आता मोनाली म्हणते, बाजारातून मांडे आणू. बुऱ्हाणपुरात मांडे मिळतात हो, लग्नाच्या पंगतीला चांगलेही लागतात. पण त्यात पुरण नसतं. आणि तुम्ही पाटावर बसल्या आहात आणि मी डाव्या हाताने बाजारचे मांडे वाढते आहे, हे मला बघवणार नाही. पुढच्या वर्षी बघू.

करंटाचं म्हणाल तर मी नाही म्हणून सांगितलं आहे. डोक्यातली एक शीर आधीच तुंबली, आता उरलेल्या जाळून घेऊ काय? तुमचे भाऊ म्हणतात, "अवं, केळीच्या मोटारीलाबी करंटबिगर पानी चढत नाही." मी म्हटलं, "मोटार जळली तर दुसरी भेटते."

बाकी सर्व ठीक.

भागा

(आत्याआजी, मी मोनाली. आजीने "सर्व ठीक" लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. लेकिन ठीक कुछ भी नहीं है. ती दिवसभर टीव्हीसमोर बसते आणि टीव्ही बंद असतो. प्लीज, तुम्हीच तिला रागवा. आमचं कोणाचं ऐकत नाही.)


अमळनेर,
४ फेब्रुवारी

भागा,

माहेरी येऊ नको असं नणंदेला लेखी कळवणारी तू खानदेशातली पहिलीच भावजय असशील. पत्र मी जपून ठेवलं आहे. चार जणींना दाखवणार आहे.

आता तुझी पहिली आखाजी आठव. सन एकोणऐंशी. तू अठरा वर्षांची. पहिला मांडा तुझ्या कोपराशीच फाटला आणि दंडावर लोंबायला लागला. आमची आई डोळे वटारून बघत होती. मी म्हटलं, "मला असाच जाळीदार आवडतो," आणि तो माझ्या ताटात घेतला. साफ खोटं बोलले. कच्चा होता, रात्रभर पोट दुखलं. तरी दुसऱ्या दिवशी तू पुन्हा करायला बसलीस, आणि पाच-सहा वर्षांत आमच्या आईने तुझ्यापुढे हात टेकले.

आई गेली ब्याण्णव साली. त्यानंतर माझं माहेर कोणी सांभाळलं? निंबाने? त्याला मी आलेली दुसऱ्या दिवशी कळतं! भागा, भाऊ नुसता घराचा मालक असतो, माहेर भावजयीच्या हातात असतं. मला मांडे नकोत असं मी म्हणणार नाही. हवे आहेत. पण मांडे नाहीत म्हणून माहेरच बंद, हे मला चालणार नाही. मला वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

तेव्हा मुकाट्याने त्या मॅडमकडे जा. आधी सगळे प्रश्न विचार, जळतं का, दुखतं का, सगळं. मग हो म्हण. नाही गेलीस तर मी बिऱ्हाड घेऊन येते, आखाजीपर्यंत राहते आणि रोज सकाळी तुझ्या चहाला नावं ठेवते.

आशा


लालबाग, बुऱ्हाणपूर,
२६ फेब्रुवारी

ती. आक्का,

हे मी डाव्या हाताने लिहिते आहे. सहा दिवस लागले. अक्षर बघून वर्गातून हाकलू नका.

तुमच्या बिऱ्हाडाच्या भीतीने गेले. दवाखान्यात मॅडमनी आधी अर्धा तास नुसत्या माझ्या शंका ऐकल्या. तिशीची पोर आहे, पण धीर मोठा. मग ओल्या स्पंजाच्या दोन पट्ट्या डोक्यावर ठेवल्या, वरून रबरी पट्टा आवळला आणि एक डबी चालू केली. डबी मोबाइलएवढी. मुंग्या चावल्यासारखं झालं आणि थोड्या वेळाने तेही गेलं. जळलं काही नाही. वीस मिनिटं असतं. मॅडम म्हणाल्या, "या करंटाने हात उठत नसतो, भागाबाई. यानं नुसती जमीन ओली होते. पेरणी तुमची तुम्हालाच करायची." शेतकऱ्याच्या बाईला कसं समजवायचं ते तिला बरोबर ठाऊक आहे.

पेरणी म्हणजे काय, तर कानात मशीन लावून डोळे मिटायचे. मशीनमध्ये मॅडमचाच आवाज. "उजवा हात पुढे न्या. पाण्याचा पेला धरा. उचला." हात मांडीवरच, पण मनात सगळं करायचं. त्यानंतर खराखुरा हात हलवायचा सराव. पहिल्या आठवड्यातच मी म्हटलं, "मॅडम, माझा जन्म काय पेला उचलण्यात गेला?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, हाताला जे काम सगळ्यात जास्त ठाऊक आहे ते घ्या. मी मांडे घेतले. तुमचे भाऊ सगळ्या गल्लीला सांगत फिरतात, "दुनिया मनात मांडे खाते, आमची भागा मनात करते."

आक्का, हे काम मला फार छान जमतं. डोळे मिटले की चूल पेटलेली, खापर तापलेलं, पुरणाला वेलदोड्याचा वास. एका बैठकीला पंधरा-पंधरा मांडे होतात. एकही फाटत नाही.

हात मात्र दोन आठवड्यांत तसूभर हलला नाही. मॅडम वहीत रोज तेच लिहितात. आखाजीचं अजून काही सांगत नाही मी.

भागा


अमळनेर,
४ मार्च

प्रिय भागा,

तुझं डाव्या हाताचं अक्षर निंबाच्या उजव्यापेक्षा चांगलं आहे. त्याला दाखव.

तुझं वाचून मलाही हुक्की आली. दुपारी ओसरीवरच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि मनात मांडे करायला घेतले. आमच्या यांनी दोनदा येऊन माझ्या नाकापुढे बोट धरून पाहिलं म्हणे, श्वास चालू आहे की नाही ते.

आता माझी हकीकत ऐक. मी आयुष्यात जेमतेम दहा वेळा मांडे केले असतील. पहिला मनातसुद्धा फाटला. दुसरा खापरावर पडताना दुमडला. तिसऱ्याला माझे दोन्ही दंड भरून आले, खरोखरचे! कोपराला कणीक चिकटल्यासारखं वाटून मी पदराने पुसायला गेले. तोंडाला धग लागली. पाचव्याला दमून उठले आणि चहा केला.

आणि तू एका बैठकीत पंधरा करतेस? एकही फाटत नाही? तुझे दंड दुखतात का गं? मला तर शंका येते, तू तिथे बसून छान डुलकी काढतेस. हे माझं पत्र त्या मॅडमना वाचून दाखव. शाळेत एखादं पोर सगळी गणितं एका झटक्यात बरोबर सोडवायला लागलं की आम्ही आधी शेजारच्या पोराची वही बघायचो.

आशा


लालबाग, बुऱ्हाणपूर,
१६ मार्च

ती. आक्का,

तुम्ही बाई शाळेतून निवृत्त झाल्याच नाहीत. माझी चोरी पकडलीत. पण देवाशप्पथ, आपण चोरी करतो आहोत हे मलाच ठाऊक नव्हतं.

तुमचं पत्र मॅडमना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "भागाबाई, डोळे मिटल्यावर तुम्हाला नक्की काय दिसतं? अगदी बारीकसारीक सांगा." मी सांगितलं, चूल दिसते, खापर दिसतं, परात दिसते, अर्चना दिसते.

"अर्चना काय करते?"

"मांडे करते ना."

"आणि तुम्ही?"

"मी पाटावर बसले आहे. तिला सांगते, कणीक सैल कर, कोपर वर घे, कड जाड राहिली बघ."

मॅडमनी कपाळावर हात मारला. अर्चना शेजारीच होती. ती म्हणाली, "आई, घरात तं मी करतेच. मनात तरी मले बसू द्या ना हो!" आणि अख्खा दवाखाना हसला. मीही हसले, पोट धरून, डाव्या हाताने.

काय झालं सांगू? सात-आठ वर्षांपासून मी स्वतः करतच नाही. आखाजीला पहिले दोन मांडे मी टाकते, तुमच्या ताटात पडतील असे, आणि बाकीचे अर्चना करते. मी पाटावरून सांगते. सासू झाल्यावर माणूस पाटावर बसतं, आक्का, आणि मग मनातसुद्धा उठत नाही. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्याला करताना बघायचं नाही. तुमचा दंड, तुमचं कोपर, तुमची बोटं आतून जाणवली पाहिजेत. महिनाभर सराव झाला खरा, पण तो अर्चनाच्या हाताचा."

दुसऱ्या दिवशी डोळे मिटले आणि अर्चनाला म्हटलं, बाई, तू सरक. मी चुलीपुढे बसले. कणकेचा गोळा घेतला आणि उजवा हात उचलायला गेले. आक्का, तो मनातही उठेना. मला वाटलं होतं, मनात तरी माझा हात धडधाकट असेल. मी पट्टा बांधलेल्या डोक्यानेच रडले. मॅडमनी थांबू का विचारलं. मी म्हटलं, नका थांबू, चूल पेटली आहे.

तीन दिवस असंच गेलं. चौथ्या दिवशी मनातला हात उठला आणि मांडा फाटला. कोपराशी, त्या एकोणऐंशी सालासारखा! मी इतकी खूश झाले की मोठ्याने ओरडले, "फाटला!" बाहेर तुमचे भाऊ बसले होते, ते घाबरून आत आले. "काय फाटलं वं? डॉक्टरले बोलावू काय?"

आणि काल खरा सराव करताना अंगठा हलला. मॅडमनी मला तीनदा करायला लावलं. तीनही वेळा हलला. उजवा दंड संध्याकाळपर्यंत दुखत होता. एवढं गोड दुखणं मला ठाऊक नव्हतं.

आखाजीला या. मांडे मी करीन.

भागा


लालबाग, बुऱ्हाणपूर,
९ एप्रिल

ती. आत्याबाईंना अर्चनाचा नमस्कार.

हे पत्र आईंना न सांगता लिहिते आहे. आईंचा हात सुधारतो आहे. बोटं उघडतात, मिटतात, वाटी धरता येते, हात छातीपर्यंत उचलतात. मोनालीने व्हिडिओ करून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, त्यात तिचं स्वतःचंच "वॉव आजी, वॉव" जास्त ऐकू येतं.

पण मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की खांद्यात अजून जोर नाही. मांडे दंडावर खेळवणं आणि तापलेल्या खापरापुढे वाकणं या आखाजीला जमणार नाही, भाजण्याची भीती आहे. आईंना हे कोण सांगणार? त्या रोज म्हणतात, आक्कांना शब्द दिला आहे. तुम्हीच काहीतरी कारण काढून मांडे नको म्हणा. तुमचं त्या ऐकतात.

आपली,
अर्चना


अमळनेर,
१३ एप्रिल

प्रिय भागा,

मी अठ्ठावीसला दुपारी पोचते. एक सांगायचं राहिलं. आमच्या डॉक्टरांनी मला साखर निघाली म्हणून सांगितलं आहे. पुरण, आमरस, सगळं बंद. तेव्हा यंदा मांड्यांचा घाट घालू नकोस. पिठलं-भाकरी पुरे. मला आता तेच सोसतं.

आशा


लालबाग, बुऱ्हाणपूर,
१९ एप्रिल

ती. आक्का,

अर्चनाने तुम्हाला पत्र टाकलं ते नऊ तारखेला, आणि तुम्हाला साखर निघाली तेरा तारखेला. टपाल पोचलं आणि साखर निघाली! शेहेचाळीस वर्षांत तुम्हाला माझ्याशी खोटं बोलता आलं ते एकदाच, जाळीदार मांड्याच्या वेळी.

अर्चनाला मी रागावले नाही. उलट तिला शेजारी बसवून मॅडमनी काय सांगितलं ते सगळं बोलायला लावलं. मग उठून चहा प्याले.

तर खरं ते सांगते. मांडे माझ्याने होणार नाहीत. जानेवारीत हे लिहिलं तेव्हा पुढे "येऊ नका" लिहिलं होतं. आज लिहिते, तरी या. मांडे अर्चना करील आणि मी पाटावर बसून काही बोलणार नाही, अशी शपथ घेतली आहे. बघायला तरी या.

आंबे तुमच्या भावाने आणले आहेत. दाबून न बघता.

भागा


अमळनेर,
५ मे

प्रिय भागा,

परवा पोचले. मांडे अप्रतिम होते. अर्चनाचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे आणि हे मी तुला लेखी देते आहे. तुझी शपथ तिसऱ्या मांड्याला मोडली तेही मी पाहिलं. मी चार खाल्ले. माझ्या साखरेचं कोणी नाव काढलं नाही, त्याबद्दल तुमच्या घराण्याचे आभार.

पण पत्र लिहायला बसले ते दोन तारखेच्या सकाळसाठी. तूच होतीस तिथे, मग तुला काय सांगायचं, असं म्हणशील. पण तू खाली मान घालून स्वतःच्या हातांकडे बघत होतीस. आमच्याकडे कोणाकडे तुझं लक्ष नव्हतं. म्हणून सांगते.

साडेदहाची गाडी होती. निंबा माझी पिशवी खांद्याला लावून दारात उभा. मोनाली फोनमध्ये गाडी कुठवर आली ते बघत होती. मी पाटावर बसले, पदर पसरला. ओटीचं ताट अर्चनाने आणलं, गहू, नारळ, खण. मला वाटलं, तीच भरेल. मी मनाची तशी तयारी करून ठेवली होती. तेवढ्यात तू माझ्यापुढे येऊन बसलीस आणि दोन्ही हात गव्हात घातलेस.

पेला एका हाताने उचलता येतो, भागा. वाढता एका हाताने येतं, लिहिता येतं, हे तू दाखवलंस. पण ओंजळ एका हाताची होत नाही. तुझा उजवा तळहात डाव्याशेजारी येईना. तू डोळे मिटलेस. मॅडमकडे मिटतेस तसे. तुझे ओठ हलत होते, मला ऐकू आलं नाही. मग डोळे उघडलेस, आणि हात हळूहळू सरकत आला आणि डाव्याला टेकला.

पहिली ओंजळ माझ्या पदराशी येईपर्यंत गहू मधल्या फटीतून जमिनीवर गेले. पदरात पाच-सहा दाणे पडले. अर्चना पुढे झाली, मी तिला डोळ्यांनीच थांबवलं. दुसऱ्या ओंजळीला मूठभर आले. तिसऱ्या वेळी तुझ्या कपाळावरून घाम ओघळला. मोनाली ओरडली असावी, कारण निंबाने तिला हाताने गप्प केलं. माझा भाऊ, जो मी आलेलीही बघत नाही, तो पिशवी खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. अर्चना तोंडात पदर धरून हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. मी तर सरळ रडले.

पाचव्या ओंजळीला पदरात जेवढे गहू पडले तेवढे आधीच्या चारांत मिळून पडले नव्हते.

मोनालीने फोन माझ्यासमोर धरला. गाडी गेली होती. निंबा पिशवी आत घेऊन आला. मी पदरातले गहू सावरत म्हटलं, "बाई गं, आता मी उद्या जाणार. म्हणजे उद्या पुन्हा ओटी भरावी लागेल."

तू जमिनीवरचे गहू गोळा करत होतीस, उजव्या हाताने. मान वर केलीस आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हणालीस, "भरीन ना मंग!"

तुझी नणंद,
आशा